केळीच्या रोपाला थेट उन्हात ठेवा म्हणणारा तो मेसेज चुकीचा आहे

विदर्भातल्या अकोट-अंजनगाव पट्ट्यातल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन आठवड्यांपासून एकच मेसेज फिरून राहिला. त्यात म्हटलंय की केळीची टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये तयार केलेली, रोपं नर्सरीतून आली की सरळ उन्हात मांडा, सावली दिली की रोप लाडावतं, दोन-तीन दिवस पाणी तोडा म्हणजे काटक होतं, पान मलूल दिसलं तर दुपारी पाणी आणि चिमूटभर युरिया द्या, आणि ज्याची पानं जळाली ते उपटून फेका. भाऊ, हे वाचून कोणी एप्रिल-मे मध्ये तसंच केलं तर एकरभराची रोपं आठ दिवसात जातील म्हणून लिहून राहिलो.

पहिले ते लाडावण्याचं पाहू, कारण खरी गडबड तिथंच आहे. आपले म्हातारे लोक सांगतात की आम्ही कंद लावायचो, कुठली जाळी न् कुठलं काय, तरी बाग उभी व्हायची, आणि ते खरंच आहे. पण कंदाच्या पोटात साठा असतो, पान वर येतं तेच उन्हात येतं. टिश्यू कल्चरचं रोप जन्मतं लॅबमधल्या बाटलीत, तिथं हवा पूर्ण ओली आणि उजेड ट्यूबलाइटचा, त्यामुळे त्याच्या पानावर मेणाचा थर नीट बसत नाही आणि पानाची बारीक छिद्रं वेळेवर मिटत नाहीत, म्हणजे पाणी उडतच राहतं. नंतर हरितगृह, मग शेडनेट असं करत ते आपल्याकडे येतं, पण आपल्या वावरातलं 44-45 चं ऊन त्यानं पाहिलेलंच नसतं. केळीला 25 ते 30 डिग्री मानवतं, 38 च्या वर गेलं की वाढ मंदावते आणि कोवळं पान करपायला लागतं.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की सावलीत वाढलेलं जुनं पान उन्हात ठेवून फारसं काटक होत नाही, काटक होऊन निघतं ते नवं पान. गरम दिवसात आठ-दहा दिवसाला एक पान येतं, म्हणजे रोपाला निदान दोन पानांचा वेळ द्यायचा, पंधरा-वीस दिवस. पहिले चार दिवस पन्नास टक्के ऊन अडवणाऱ्या जाळीखाली नाहीतर कडुलिंबाच्या सावलीत, मग सकाळी नऊपर्यंत ऊन, मग दहापर्यंत, मग दुपारी चारनंतरचंही, असं वाढवत न्यायचं. एवढं मात्र मान्य करतो की महिनोन् महिने सावलीतच ठेवलं तर रोप उंच आणि लुकडं होतं, उजेडाकडे वाकतं. पण त्यासाठी भर दुपारी बाहेर काढायची गरज नाही.

पाणी तोडायचं कुठून आलं ते मला वाटतं संत्र्यावरून. आंबिया बहारासाठी आपण पाणी तोडून ताण देतो, पण ते मोठ्या झाडाला फूल यावं म्हणून. केळीची मुळं वरच्या फूटभर मातीत, आणि इथं तर मुठीएवढी माती काळ्या पिशवीत. ती पिशवी स्वतःच तापते, कडेची मुळं अक्षरशः शिजतात. म्हणून पिशव्या एकमेकींना चिकटवून मांडा, बाहेरच्या रांगेला ओलं बारदान किंवा मातीचा बांध द्या आणि थोडं थोडं पाणी रोज द्या, दलदल करू नका.

दुपारी पाणी द्यायचं असेल तर आधी ड्रिपच्या काळ्या नळीतलं पाणी हाताला लावून पाहा. नळीचं टोक उघडून ते तापलेलं पाणी सोडून द्या, मगच रोपाकडे वळवा, आणि शक्यतो पहाटे आणि सांजेलाच द्या. मलूल दिसण्याचं म्हणाल तर केळीचं पान दुपारी मधल्या शिरेवर खाली मिटतंच, पाणी वाचवायला मिटतं. सकाळी सहाला उघडलेलं असेल तर रोप ठीक आहे, सकाळीही मिटलेलंच दिसलं तर मुळं पाहा. युरिया मात्र अजिबात नको, दमलेल्या कोवळ्या मुळांना तो जाळतो. नवीन पान निघाल्यावर खताचं बघा.

आणि उपटून फेकण्याबद्दल, हे मी स्वतः करून बसलोय म्हणून जास्त पोटतिडकीनं सांगतो. एका वर्षी एप्रिलमध्ये साडेचौदाशे रोपं आणली, पाच बाय सहाच्या हिशोबानं एका एकराची, आणि जागा नव्हती म्हणून खळ्यावर उघड्यावर मांडली. तिसऱ्या दिवशी पानं आधी पांढुरकी मग भुरी झाली, मेली समजून तीनशेच्या वर फेकून दिली. मोटरीजवळ लिंबाखाली शंभरेक पिशव्या राहून गेल्या होत्या, त्यांचीही पानं तशीच जळालेली, पण झिरपणारं पाणी मिळत गेलं आणि पंधरवड्यात त्यातल्या बऱ्याच रोपांच्या मधून हिरवा पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, वर आला. केळीचा वाढीचा कोंब खाली कंदाजवळ असतो, पानं गेली म्हणजे रोप गेलं असं नाही. बोटानं खोड दाबून पाहा, टणक असेल आणि मधला पोंगा हिरवा असेल तर सावलीत ठेवा, मऊ पडून वास येत असेल तरच काढा. त्या तीनशे रोपांचं मला अजूनही वाईट वाटतं.

माझं तर म्हणणं आहे की विदर्भात नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, तोंडावर लागवड करूच नका, पाऊस पडून हवा थंड होऊ द्या. आधीच लावली असेल तर प्रत्येक रोपाच्या पश्चिम बाजूला तुराट्या-पऱ्हाट्या (तुरीच्या-कपाशीच्या वाळक्या काड्या) खोचून पळसाची पानं अडकवा, दुपारचं सगळ्यात वाईट ऊन तिकडूनच येतं, आणि पश्चिमेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेवरी दाट पेरा म्हणजे पुढं गरम वारा अडेल. माझी यंदाची रोपं लिंबाखाली आहेत, आज अकरावा दिवस, कालपासून दहापर्यंत ऊन देऊन राहिलो. कोणाला पाहायची असतील तर सकाळी सातच्या आत या, नवे पोंगे उलगडताना दिसतात.