वायरीला तिखट लावून ससा सुधारत नाही

घरात ससा आहे असं चारचौघांत म्हटलं की एक फॉरवर्ड आपोआप येऊन पडतो. मला तो आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय. त्यातले एक आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांनी खाली जोडलेले हातही टाकले होते. मजकूर थोडक्यात असा: ‘ससा हा उंदराच्या जातीचा प्राणी. दात सतत वाढतात म्हणून तो फर्निचर आणि वायरी कुरतडतो. त्याला लाकडाचा ठोकळा द्या. वायरींना मिरचीपूड किंवा बाम चोळा. तोंड घातलं की ओरडा, नाकावर हलकी टपली मारा. बाहेर जाताना स्विच बंद करा. घरात एमसीबी असेल तर काळजीच नको. तरी ऐकलं नाही तर पिंजऱ्यात ठेवा. आठ दिवसांत सवय सुटते.’

आमच्याकडे पिठी आणि ढेकळ्या असे दोन ससे आहेत, सहा वर्षं झाली. यातले बरेच उपाय मी पहिल्या वर्षी इमानेइतबारे करून पाहिलेत, तेव्हा हा राग थोडा स्वतःवरचाही आहे.

सुरुवात जातीपासून करू. सशाला उंदराच्या गणातून बाहेर काढलं त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. १९१२ पासून ससे आणि पिका (सशाचा छोट्या कानांचा नातेवाईक) यांचा गण वेगळा मानतात. कारण दातांतच आहे. सशाच्या वरच्या दोन मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन बारीक खुंटीसारखे दात असतात, उंदराला ते नसतात. हा वाद पंडितांचा वाटेल, पण फॉरवर्डचा पुढचा घोटाळा इथूनच सुरू होतो. उंदराचे पुढचेच दात जन्मभर वाढतात. सशाचे सगळे, म्हणजे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात वाढतात, दाढांसकट.

आता ठोकळा देऊन बघा. ससा तो पुढच्या दातांनी तासतो, दाढांना त्याचा पत्ताही लागत नाही. दाढा झिजतात त्या गवत चघळताना, खालचा जबडा आडवा फिरतो तेव्हा. ढेकळ्या गवत खात असताना समोर बसून पाहिलं तर जात्यात दळण चाललंय असंच वाटतं. गवत कमी पडलं की दाढांना टोकं फुटतात, ती जिभेला आणि गालाला कापतात, आणि ससा खायचा थांबतो. पुढचे दात तर एकमेकांवर घासूनच झिजतात. म्हणून दातांसाठी द्यायचं ते वाळलेलं गवत, आणि तेही दिवसभर समोर राहील एवढं. गणपतीत आमच्याकडे दूर्वांच्या जुड्या नको इतक्या येतात. बाप्पाला वाहून उरलेल्या कोणाकडे जातात ते सांगायला नको.

पण गवत पोटभर असूनही आमच्या पिठीने पहिल्या महिन्यात तीन चार्जर तोडले. दातच शिवशिवत असते तर तिने वायर चघळली असती. तिने चघळली नाही, एका घावात तोडली आणि पुढे गेली. तुकडे उचलून पाहिले तेव्हा टोकं कात्रीने कापल्यासारखी तिरकी होती आणि तांब्याच्या तारा केसांसारख्या बाहेर आल्या होत्या. एकही तुकडा खाल्लेला नव्हता.

पाळीव ससे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या रानसशाचे वंशज. बिळात मूळ आडवं आलं की ते तोडायचं, वाट मोकळी ठेवायची, ही त्यांची रोजची कामं. शत्रू मागे लागला तर पळायची वाट अडलेली चालत नाही. आपल्या सोफ्यामागची चिंचोळी जागा त्यांच्या हिशेबी बीळच, आणि तिथून जाणारी वायर म्हणजे मूळ. त्यात सशाला स्वतःच्या नाकापुढचं नीट दिसत नाही. डोळे बाजूला असल्यामुळे मागचंही दिसतं, पण तोंडासमोर आंधळी जागा राहते. तिथे काय आहे ते मिशा, ओठ आणि दात सांगतात. मूल एखादी वस्तू हातात घेऊन बघतं, ससा चावून बघतो. याला सवय म्हणायचं तर आपण दार उघडून घरात शिरतो त्यालाही सवय म्हणावं लागेल.

मिरचीपूड. हा उपाय मी फार आशेने केला होता. राउटरच्या वायरीला तिखटाचं पाणी चोळलं आणि ती वायर ढेकळ्याने संध्याकाळी तोडली. वाटलं, तिखट जुनं असेल. खरं कारण नंतर वाचलं तेव्हा हसू आलं. मिरचीचा जाळ जाणवतो तो तिच्यातलं कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य ओळखणाऱ्या, पेशींवरच्या एका रिसेप्टरमुळे. सशातला हा रिसेप्टर माणसाच्या किंवा उंदराच्या मानाने सुमारे शंभरपट कमी संवेदनशील आहे, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलंय. थोडक्यात, वायरीला हात लावून तोच हात डोळ्याला लावणाऱ्या माझ्याच डोळ्यांतून पाणी येत होतं. पूड नाकात गेली की त्रास मात्र होतो, कारण ससा नाकानेच श्वास घेतो. कडू स्प्रेचंही तेच. मेथीची जुडी देठांसकट फस्त करणाऱ्या प्राण्याला कडूची भीती काय घालणार?

बामबद्दल मात्र हसण्यासारखं काही नाही. त्यात कापूर आणि मेंथॉल असतं, ससा पंजे चाटतो, ते पोटात जातं. आणि सशाला उलटी होत नाही, गेलेलं परत येत नाही. फॉरवर्डच्या एका आवृत्तीत सोफ्याखाली डांबरगोळ्या टाकायला सांगितलंय. त्या विषारी आहेत. ज्याने हे लिहिलं त्याने ससा पाळलेला नाही, एवढं मी पैजेवर सांगते.

टपली आणि ओरडणं यावर फार लिहीत नाही. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. ओरडल्याने तो वायर सोडतो, पण शिकतो एवढंच की तुमच्यापासून लांब राहावं. मग तो तुम्ही झोपल्यावर कुरतडतो.

आता स्विच आणि एमसीबी. या मुद्द्याने जीव जाऊ शकतो, म्हणून थोडं सावकाश.

मोबाइलची केबल तुटली तर बहुतेक वेळा नुकसान केबलचंच होतं, तिथे व्होल्टेज कमी असतं. पण फ्रिज, टेबलफॅन, कूलर, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड यांच्या वायरीत २३० व्होल्ट असतात. स्विच बंद करणं चांगलंच. पण फ्रिजचा आणि राउटरचा स्विच कोण बंद करतं? शिवाय साधा स्विच एकच तार तोडतो. फिटिंग करताना फेजऐवजी न्यूट्रल स्विचवर आली असेल तर स्विच बंद असूनही वायर जिवंत राहते, आणि जुन्या इमारतींत असं सापडतं. लोडशेडिंगमध्ये लाइट गेली म्हणून निश्चिंत व्हावं, तर इन्व्हर्टर चालूच असतो.

एमसीबी पडतो तो लोड जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं तर. दोन किलोच्या सशातून जाणारा करंट त्याच्या लेखी आणखी एक छोटा बल्ब लागल्यासारखा. आरसीसीबी त्यापेक्षा बरा. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर करंट जमिनीकडे गळला की पडतो. पण ससा बसलाय गादीवर, आणि दातांत फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा आल्यात. अशा वेळी गेलेला करंट तोंडातून पुरेपूर परत येतो, गळती काहीच नाही, आणि आरसीसीबी शांत. घरात तो असावाच, माणसांसाठी तर असावाच. पण सशाला वाचवायचं काम त्याच्यावर टाकू नये.

कधी ससा वायर धरलेला दिसलाच तर आधी मेन बंद करा, मग त्याला हात लावा. नंतर तो टुणटुणीत दिसला तरी डॉक्टरकडे न्या. ओठ-जीभ भाजलेली असू शकते, आणि शॉकनंतर फुप्फुसात पाणी भरायला काही तासही लागू शकतात. संध्याकाळी बरा होता आणि पहाटे गेला, असं त्यामुळे होतं.

मग केलं काय? वायरी झाकणारी पट्टी मारायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो विचारतो, ‘ताई, उंदीर झालेत का?’ म्हटलं, नाही दादा, ससे आहेत. ‘मग पट्टी कशाला मारता, पिंजरा घ्या की!’ फॉरवर्ड बहुधा त्यालाही आला होता. इंग्लंडमधल्या सशांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या संस्थेने जोडीसाठी किमान तीन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा सांगितलीय, आणि ती चोवीस तास. आपल्याकडे दुकानात सशाचा म्हणून मिळतो तो पिंजरा पोपटाला जरा मोठा म्हणावा इतकाच असतो. त्यात कोंडलेला ससा मग गज कुरतडत बसतो.

पट्टी मारायला लावलीच. पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग भिंतीला स्क्रूने घट्ट बसवली, फ्रिजच्या मागे जाड कडक पाइप घातला. मऊ नालीदार पाइप घेऊ नका, पिठीने तो दोन दिवसांत उघडला. सशाला दात लावायला कड लागते, ही एक गोष्ट पाहत राहिल्यावर कळली. सपाट पृष्ठभागावर त्याचे दात घसरतात. म्हणून पट्टीचा मधला भाग शाबूत, आणि जिथे दोन पट्ट्या जुळताना फट राहिली तिथेच खुणा.

फर्निचरचंही तसंच. टेबलाच्या पायाची कड, सनमायकाची सुटलेली धार, दाराच्या चौकटीचा कोपरा. सुतारकाकांनी तिथे ॲल्युमिनियमचे अँगल स्क्रूने बसवून दिले. डबल टेपने लावलेले ढेकळ्याने उचकटले होते. प्लायवुड आणि एमडीएफ पोटात जाऊ देऊ नका, त्यात चिकटवणारं रसायन असतं. आजोबांच्या काळातलं ऑइलपेंट दिलेलं कपाट असेल तर ते सशाच्या खोलीतून हलवाच. रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून आहे, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. प्लास्टिकची चटईही नको, तिचे धागे आतड्यात अडकतात. सोफ्याच्या बुडाचं काळं कापड फाडून दोघं आत शिरायचे. आता खाली प्लायचा तुकडा ठोकलाय, कडा आतल्या बाजूला वळवून. बदल्यात बुरुडाकडून बिनरंगाची बांबूची टोपली आणली, पुठ्ठ्याची खोकी दिली, एका खोक्याला आरपार दोन भोकं पाडली. बोगदा मिळाल्यावर सोफ्यामागची गर्दी खरंच कमी झाली. नसबंदीनेही फरक पडला, वयात आल्यावरचा धुडगूस थांबला.

राहता राहिले ते आठ दिवस. सहा वर्षं झाली, आणि रोज दिवेलागणीला पिठी फ्रिजच्या बाजूने जाते, पट्टीला नाक लावते, जोडाच्या फटीपाशी थांबून एकदा दात लावून बघते आणि टोपलीकडे वळते. गेल्या आठवड्यात तिथली कॅपिंग थोडी सुटलेली दिसली. दादांना फोन केलाय, रविवारी येतो म्हणालेत. तोवर तिथे जाडजूड विटा लावल्यात.