‘कधीच एरर येत नाही’ म्हणे!

परवा रात्री नऊला अमळनेरहून भाच्याचा फोन. त्याआधी पाच मिनिटं एक मेसेज फॉरवर्ड करून ठेवलेला. फोन उचलल्या उचलल्या, "मामा, हाई खरं शे का?"

तोच मेसेज आठवडाभरात मला आणखी दोन ग्रुपांत दिसला होता आणि मी अंगठा वर सरकवून पुढे गेलो होतो. पण भाचा मेसेज वाचून थांबला नव्हता. त्याबरहुकूम रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून मोकळा झाला होता, आणि त्या प्रोग्रॅमातून आमच्या मेहुण्यांच्या खेडा खरेदीच्या हिशेबपट्ट्या निघणार होत्या. दारात काटा लावून कापूस मोजायचा, पट्टी करायची, शेतकऱ्याच्या हातात पैसे द्यायचे. तिथे चूक झाली तर कॉलेजच्या प्रॅक्टिकलसारखे दोन मार्क जाऊन भागत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं, की रुबीत कमांड लाइनवरून माहिती (म्हणजे आर्ग्युमेंटं, प्रोग्रॅम चालवताना त्याच्या नावापुढे जे टाइप करतो ते) घ्यायला कसलीच लायब्ररी लागत नाही, एआरजीव्ही, म्हणजे ती आर्ग्युमेंटं जिच्यात येतात ती यादी, पुरे. कारणं पाच. एक, ऑप्शनपार्सर (आर्ग्युमेंटं वाचून, तपासून देणारी लायब्ररी) ही बाहेरची जेम, म्हणजे रुबीची सुटी लायब्ररी आहे, नेटवरून बसवावी लागते. दोन, एआरजीव्हीत शून्याव्या जागी प्रोग्रॅमचं नाव असतं, म्हणून मोजणी एकापासून करा. तीन, आकडा हवा असेल तर टू-आय (मजकुराचा पूर्णांक करणारी मेथड) लावा, तो कधीच एरर देत नाही म्हणून सगळ्यात सुरक्षित. चार, पासवर्ड फाइलीत लिहून ठेवू नका, चालवताना आर्ग्युमेंट म्हणून द्या. पाच, ऑप्शनपार्सरला सक्तीचा ऑप्शन (नाव लावून दिलेलं आर्ग्युमेंट) कळतच नाही, मग ती घेऊन करायचं काय? शेवटी हात जोडलेले आणि ‘प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवा’.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण डोकं तिथेच फिरलं.

एआरजीव्ही ही साधी ॲरे आहे आणि तिच्यातलं सगळं स्ट्रिंग असतं. तुम्ही आकडा टाइप करा नाहीतर गावाचं नाव, रुबीच्या हातात मजकूरच येतो. तेव्हा रूपांतर करावं लागतं, इथपर्यंत बरोबर. पण टू-आय करतो काय? रुबीच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्ट्रिंगच्या पानावर स्वच्छ लिहिलंय: सुरुवातीला जेवढा पूर्णांक सापडेल तेवढा घ्यायचा, पुढचं सगळं सोडून द्यायचं, आणि काहीच सापडलं नाही तर शून्य. लपवलेलं काही नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ते पान उघडलं असतं तर पुढचा सगळा खटाटोप वाचला असता.

भाच्याला म्हटलं, आयआरबी (रुबीची एकेक ओळ चालवून बघायची सोय) उघड आणि मी सांगतो ते टाक. भाव ‘७,२००’, स्वल्पविरामासकट, जसा माणूस लिहितो तसा. (आकडे इंग्रजी कीबोर्डवरचे समजा, मी इथे देवनागरीत लिहितोय एवढंच.) टू-आयने उत्तर दिलं ७. क्विंटलला सात रुपये. वजन ‘१२.४५’ टाकलं, उत्तर १२. गुणाकार ८४. बारा क्विंटल पंचेचाळीस किलो कापसाचे चौऱ्याऐंशी रुपये! भाचा हसायला लागला. खरा हिशेब ८९,६४० होतो.

हसू दे म्हटलं, चौऱ्याऐंशी रुपयांची पट्टी कुणी घेणार नाही, ती चूक दारातच पकडली जाईल. आता भाव स्वल्पविराम न देता टाक. उत्तर आलं ८६,४००. इथे त्याचं हसू थांबलं. हा आकडा बरोबर दिसतो. काट्यावर गर्दी, मागे ट्रॅक्टर उभा, पट्टीवर आकडा छापून आलेला, कोण पुन्हा मांडून बघतो? पंचेचाळीस किलोचे ३,२४० रुपये शेतकऱ्याच्या खिशातून गेले, आणि प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही. ‘कधीच एरर येत नाही’ याचा अर्थ हा.

अजून एक टाकायला लावलं: वजन द्यायचंच विसर. एआरजीव्हीत त्या जागी काही नसेल तर निल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतं, आणि निलला टू-आय लावलं तरी शून्यच येतं. म्हणजे वजन नाही दिलं, ‘अबक’ दिलं, आणि खरंच शून्य दिलं, तिन्ही टू-आयच्या लेखी एकच. काटा बंद आहे की गाडी रिकामी आहे, हेच ज्याला सांगता येत नाही त्याला सुरक्षित कसं म्हणायचं?

त्याऐवजी इंटिजर नावाची मेथड आहे, ती ‘७,२००’ बघून लगेच एरर फेकते. ऑप्शनपार्सरमध्ये तर एवढंही लिहावं लागत नाही. भाव या ऑप्शनपुढे इंटिजर लिहिलं, वजनापुढे फ्लोट (दशांश आकडा) लिहिलं, की ‘७,२००’ आल्यावर तोच ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून ऑप्शनच्या नावासकट दाखवतो आणि पुढे जात नाही. (वजन किलोतच घे, बाराशे पंचेचाळीस, म्हणजे दशांशाची कटकटच नको, असं मी भाच्याला सांगितलंय. ऐकेल तेव्हा ऐकेल.)

आता एक कबूल करतो, मनात नसताना. टू-आय एका जागी इंटिजरपेक्षा शहाणा वागतो. कुणी ‘०७२००’ असं पुढे शून्य लावून टाकलं तर टू-आय ७२०० देतो. इंटिजर मात्र पुढचं शून्य बघून आकडा अष्टमान (दहाऐवजी आठाच्या पायाच्या) पद्धतीचा समजतो आणि ३७१२ हातात ठेवतो, तोही गुपचूप. ऑप्शनपार्सरलाही नुसतं इंटिजर सांगितलं तर हेच होतं. त्यासाठी तिथे डेसिमलइंटिजर नावाचा वेगळा प्रकार ठेवलाय, आणि इंटिजर मेथडलाही दुसरा आकडा १० दिला की काम होतं. म्हणजे फास दोन्हीकडे आहे. पण एका बाजूला तो काढायची सोय आहे.

पहिला मुद्दा, बाहेरची जेम वगैरे. भाच्याला म्हटलं, वायफाय बंद कर, रिक्वायर ऑप्टपार्स (ऑप्शनपार्सर मागवायची ओळ) लिही, चालव. चाललं. ऑप्शनपार्सर रुबीबरोबरच येतो, वर्षानुवर्षं येतोय. गोंधळ कदाचित गेटऑप्टलाँगमुळे झाला असेल. याच कामाची ती जुनी लायब्ररी, आणि रुबी ३.४ मध्ये तिला मूळ संचातून काढून बंडल्ड जेममध्ये टाकलं. तीसुद्धा रुबीसोबतच बसते म्हणा. थॉर, ऑप्टिमिस्ट या मात्र खरोखर बाहेरच्या जेम. त्या वापरा की न वापरा, तुमची मर्जी.

दुसरा मुद्दा सी शिकलेल्या माणसाचा आहे, रुबी शिकलेल्याचा नाही. सीमध्ये शून्याव्या जागी प्रोग्रॅमचं नाव असतं, पायथनमध्येही असतं. रुबीत नसतं. रुबीत नाव हवं तर डॉलर-शून्य वेगळं आहे. मेसेजप्रमाणे एकापासून मोजलं तर पहिलं आर्ग्युमेंट, म्हणजे भाच्याच्या प्रोग्रॅमात शेतकऱ्याचं गाव, सरळ गायब. दोन ओळी चालवून बघितल्या असत्या तरी कळलं असतं.

चौथ्या मुद्द्यावर मात्र राग येतो, कारण तो सल्ल्याच्या थाटात दिलाय. पासवर्ड आर्ग्युमेंट म्हणून दिला की तो शेलच्या हिस्टरीत (टाइप केलेल्या कमांडांच्या नोंदीत) राहतो, आणि प्रोग्रॅम चालू आहे तोवर त्याच लिनक्स मशीनवरचा दुसरा कुणीही पीएस (चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी कमांड) मारून तो वाचू शकतो. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस जण एकाच सर्व्हरवर लॉगिन असतात, तिथे ही अक्कल पाजळायची? रुबीच्या आयओ-कन्सोलमध्ये गेटपास आहे, टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत. ते वापरा. फाइलीत ठेवायचाच असेल तर ती फाइल फक्त आपल्यालाच वाचता येईल अशी करून ठेवा. पण आर्ग्युमेंटमध्ये नको म्हणजे नको.

पाचवा अर्धा खरा. ऑप्शनपार्सर ‘या ऑप्शनला किंमत दिलीच पाहिजे’ हे सांभाळतो, ‘हा ऑप्शन आलाच पाहिजे’ हे सांभाळत नाही. भाव लिहून पुढे रक्कम विसरलात तर ओरडेल, भाव हा ऑप्शनच विसरलात तर गप्प. बरोबर. पण म्हणून सगळंच फेकून द्यायचं? पार्स करताना, म्हणजे आर्ग्युमेंटं वाचताना, इन्टू देऊन सगळे ऑप्शन एका हॅशमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्यांत) गोळा करता येतात, ही सोय रुबी २.४ पासून आहे. त्या हॅशमध्ये भाव आणि वजन आहेत का बघायचं, नसतील तर थांबायचं. तीन ओळी. शिवाय हेल्प फुकट मिळते, ऑप्शन कुठल्याही क्रमाने दिले तरी चालतात. एआरजीव्हीवर हे सगळं हाताने लिहायला बसलं की तीन ओळींच्या तीस होतात आणि शेवटी कच्चा ऑप्शनपार्सर तयार होतो.

एखादंच फाइलचं नाव घेणारी, स्वतःपुरती दहा ओळींची स्क्रिप्ट असेल तर एआरजीव्ही पुरे, हे मीही म्हणतो. मीही तेच करतो.

गंमत अशी की एआरजीव्ही जिथे हमखास पाय अडकवतं, ती जागा मेसेजात नाहीच. भाच्याने शेवटी ‘पट्टी छापू का?’ असं विचारून उत्तराची ओळ वाचायला गेट्स लिहिलं होतं. उत्तर टाइप करायच्या आतच प्रोग्रॅम कोसळला, ‘अशी फाइल नाही’ म्हणून, आणि फाइलचं नाव काय तर ‘मारवड’. गावाचं नाव! पोरगं दोन तास फाइल शोधत बसलं होतं. होतं असं की रुबीत नुसतं गेट्स म्हटलं तर ते आधी एआरजीव्हीकडे बघतं. तिथे काही उरलेलं असेल तर त्याला फाइलचं नाव समजून उघडायला जातं. कीबोर्डवरूनच उत्तर हवं असेल तर एसटीडीइन डॉट गेट्स लिहायचं. ऑप्शनपार्सरच्या पार्स-बँगने ऑप्शन काढून टाकले तरी गाव उरतंच, म्हणून तिथेही हीच काळजी.

हे सगळं ऐकून झाल्यावर भाच्याने प्रोग्रॅम बदलला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आता एकही पट्टी निघत नाही, सगळीकडे इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. बघितलं तर आप्पा, म्हणजे आमचे मेहुणे, काट्यावरून वजनं व्हॉट्सॲपवर पाठवतात, मराठी आकड्यांत, आणि हा तिथून उचलून कमांडमध्ये चिकटवतो. रुबीला मराठी आकडे आकडे म्हणून कळत नाहीत. आधीचा टू-आय त्यांना निमूट शून्य करत होता. म्हणजे जुन्या प्रोग्रॅमने त्या वजनांच्या पट्ट्या शून्य रुपयांच्याच काढल्या असत्या. पार्स करण्याआधी प्रत्येक आर्ग्युमेंटवरून टीआर फिरवून मराठी आकड्यांचे इंग्रजी कर, म्हणून एक ओळ लिहून दिली.

तासाभराने मेसेज. "मामा, आप्पा मधीच ‘१२ क्विं. ४५’ असं बी लिखतस. त्यानं काय करू?"

म्हटलं, ते आप्पांना विचार.