इंग्लंडात बसून गावाकडच्यांना भित्रे म्हणणारे आपण

इकडे परदेशातल्या मराठी ख्रिस्ती लोकांचं गेट-टुगेदर असलं की जेवणानंतर हा विषय निघतोच, की गावाकडचे आपले लोक घाबरट झालेत. रविवारी उपासनेला जातात, प्रभुभोजन घेतात आणि पोराच्या दाखल्यावर मात्र हिंदू महार नाहीतर हिंदू मांग लावतात, मग येशूला लपवून ठेवणारा कसला ख्रिस्ती, असं लोक तावातावाने बोलतात. मी नगर जिल्ह्यातली, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, आणि मला हे ऐकून खरंच राग येतो.

आधी तिकडे काय पणाला लागतं ते तरी बघा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात घेतले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढून टाका म्हणून सांगितलं, ती निघाली नाही. 2022 मध्ये याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुद्दुचेरीच्या एका केसमध्ये स्पष्ट सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घ्यायचं ही राज्यघटनेची फसवणूक आहे.

म्हणजे ज्याने खरं सांगितलं त्याची एससी स्कॉलरशिप जाते, नोकरीतली राखीव जागा जाते, ग्रामपंचायतीला राखीव सीटवरून उभं राहता येत नाही, आणि उद्या कुणी जातीवरून मारलं तर अ‍ॅट्रॉसिटीचं कलमही लागत नाही. बाप्तिस्म्याने सरकारच्या कागदावरची जात जाते हो, गावाच्या नजरेतली जात नाही, गाव त्याला जिथे बसवायचं तिथेच बसवतं. त्यात फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली 7 जणांची समिती नेमली, तेव्हापासून घरात चार माणसं बोलावून प्रार्थना करायची तरी लोक दहा वेळा विचार करतात, पाळकसाहेब फोनवर जपून बोलतात. जबरदस्तीने कुणाला ख्रिस्ती करणं हे पापच आहे, त्यात दुमत नाही, पण पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती असलेल्या घराने स्वतःच्या ओसरीवर गाणं म्हणायला का घाबरावं?

आणि इकडे? इथे मी गळ्यात क्रॉस घालून कामावर जाते, कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले, 46.2 टक्के. इथे पोलीस येत नाहीत, नोकरी जात नाही, फक्त लोक जुनाट समजतील एवढीच भीती, आणि तेवढ्या भीतीनेसुद्धा आपली पोरं शाळेत चर्चचं नाव काढत नाहीत आणि मोठी माणसं ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवणाआधी डोळे मिटत नाहीत. मग ज्याचं पोराचं सगळं शिक्षण एका दाखल्यावर लटकलंय त्याला भित्रा म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आमच्यात सगळे देतात, पण अर्धंच देतात. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा इथेच इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला. पण तिथल्या मठातल्या सिस्टर्सनी सगळं निमूटपणे मानायला सांगितलं तेव्हा त्यांनी कळवलं की भटजींच्या जोखडातून मी आत्ताच मोठ्या कष्टाने सुटलेय, लगेच दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही. ज्यांच्या आधारावर परक्या देशात राहायचं त्यांनाच हे सांगणं सोपं नव्हतं. आणि मग त्या परत गेल्या. 1893 मध्ये पुण्यात त्यांच्या शारदा सदन या विधवा मुलींच्या शाळेवरून, इथे मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून, वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळींनी हात काढून घेतले, तरी बाई हटल्या नाहीत, पुढे दुष्काळातल्या मुली-बायकांना गोळा करून केडगावला मुक्ती सदन हा आश्रम उभा केला. जिथे किंमत मोजावी लागणार तिथे जाऊन त्या राहिल्या, आणि आपण निघून आलोय, हा फरक विसरून कसं चालेल.

मी खोट्या दाखल्याचं समर्थन करत नाही. खोटं बोलून जगणं माणसाला आतून खातं, आणि विश्वास कधी ना कधी तोंडाने कबूल करावाच लागतो. पण प्रभूने त्यासाठी माणसाला वेळ दिला हेही बायबलमध्येच आहे. निकदेम नावाचा यहुद्यांचा एक पुढारी येशूकडे रात्रीचा आला, येशूने त्याला हाकलून दिलं नाही, रात्रभराचा पाहुणा असल्यासारखं बसवून शिकवलं. पुढे तोच न्यायसभेत येशूची बाजू घेऊन एक वाक्य बोलला, आणि वधस्तंभानंतर जेव्हा शिष्यच पळाले होते तेव्हा देहाला लावायला 30 किलोच्या वर गंधरस-अगरू ही सुगंधी द्रव्यं घेऊन हजर झाला. त्याच्याबरोबरचा अरिमथाईकर योसेफ तर भीतीमुळे गुप्त शिष्य होता असं योहान आपल्या शुभवर्तमानात सरळ लिहितो, आणि शेवटी पिलात या रोमी सुभेदाराकडे जाऊन येशूचा देह मागितला तो त्यानेच.

अजून एक गोष्ट. यरुशलेममधली पहिली मंडळी बेधडक बोलायची हे आपण प्रवचनात ऐकतो, पण बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात त्याच्याच पुढे लिहिलंय की लोक जमिनी, घरं विकून पैसे आणायचे आणि ज्याला गरज त्याला वाटायचे. एकट्या माणसाला धैर्य दाखव म्हणून पुढे ढकलून बाकीचे घरी गेले नव्हते.

म्हणून आमच्या इथल्या ग्रुपमध्ये मी सरळ मांडलंय की गावाकडच्या ज्या घराला वाटतं की आता आपण कागदावर ख्रिस्ती लावायचं, त्या घरातल्या पोराची जाणारी स्कॉलरशिप आपण भरायची, डिग्री पूर्ण होईपर्यंत, आणि कोर्टकचेरी झाली तर वकिलाची फीसुद्धा. निर्णय त्या घराने घ्यायचा, आपण विचारायचंही नाही कधी घेताय म्हणून. काही जण हो म्हणालेत, काही जण अजून विचार करतायत.