दात असावा तर टी-रेक्सचा

घरात आल्यागेल्याला दाखवायला काहीतरी लागतं. पूर्वी ते सोपं होतं. आजोबांच्या गळ्यात सोन्यात मढवलेला वाघाचा दात असायचा आणि पाहुणा चहा संपेपर्यंत त्याचीच गोष्ट ऐकायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती सोय गेली. आता चंद्रपूरकडे वाघदात घालून लग्नात मिरवलात, की फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि पंगत उठायच्या आत वनखात्याची जीप मांडवापाशी उभी राहते. तेव्हा तुम्ही डायनासोरच्या दाताकडे वळताय हे फार शहाणपणाचं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलेलं जनावर कुठल्याच शेड्यूलमध्ये नाही. त्याचे हयात वारस म्हणजे तुमच्या अंगणातल्या कोंबड्या, आणि त्यांच्या तक्रारीची दखल आजवर कोणी घेतलेली नाही.

फक्त एक पथ्य पाळा. दात टी-रेक्ससारख्या मांस खाणाऱ्या डायनासोरचाच हवा, आणि शक्यतो हाताच्या पंजाएवढा.

हे ठरलं, की वरोरा तालुक्यातल्या पिजदुऱ्याकडे चुकूनही फिरकू नका. तिथे जगभरचे भूवैज्ञानिक येऊन गेले हे खरं आहे, पण कशासाठी आले ते आधी ऐका. शेणासाठी. डायनासोरच्या काळातल्या जनावरांची दगड झालेली विष्ठा तिथल्या वावरांत पडलेली असते. २००५ साली संशोधकांनी त्या दगडांमध्ये गवताचे सूक्ष्म कण शोधून काढले. डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतं, असं तोवर मानत असत. पुढे २०११ साली भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणाही त्यातच मिळाल्या. आता सांगा, पाहुण्यापुढे काचेच्या कपाटातून शेण काढून "याच्यात धानाचे पूर्वज आहेत" म्हणायचं का? सोयरीक मोडायची. गावकऱ्यांनी ते गोटे वेचून धुऱ्यावर टाकले, त्यांना चूक म्हणवत नाही.

जवळच्याच डोंगरगावचंही तेच. तिथे १९८० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी लांब मानेच्या एका प्रचंड जनावराची हाडं खणून काढली, १९९७ मध्ये त्याचं रीतसर वर्णन छापलं. मान, पाठ, शेपटी, पुढच्या पायाची हाडं मिळाली. कवटी नाही. डोकंच नाही तर दात कुठले! आणि असते तरी पाला ओरबाडणाऱ्याचे दात. त्यांनी तुमचा रुबाब वाढला नसता.

नागपूरजवळच्या टाकळीचा एक दात मात्र ध्यानात ठेवा, कारण संग्रह कसा करू नये हे त्यावरून कळतं. हा दात गेला लंडनला. १८९० साली इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लिडेकर यांनी त्याला मॅसोस्पॉन्डिलस रॉवेसी असं नाव दिलं. मॅसोस्पॉन्डिलस हे दक्षिण आफ्रिकेतलं, मुख्यतः झाडपाल्यावर जगणारं जनावर, तेही टाकळीच्या थरांपेक्षा दहा-बारा कोटी वर्षं जुनं. पुढच्या अभ्यासकांनी मान हलवली आणि हा दात मांसाहारी डायनासोरचा, नाहीतर त्याच्या एखाद्या दूरच्या सरपटणाऱ्या नातलगाचा असावा, असं म्हटलं. म्हणजे आपल्या मातीतून एक बरा दात निघाला तोही शाकाहारी म्हणून नोंदला गेला. पण घोटाळा नावाचा नाहीच. घोटाळा असा, की त्या दातापुढे टाकळी हे गाव लिहिलेलं होतं. गाव लिहिलं म्हणून थर कळला, थरावरून काळ कळला, आणि काळ कळला म्हणून मोठमोठ्या विद्वानांना एकमेकांची चूक काढता आली. तुमच्या दाताबद्दल असा वाद घालायची सोय कोणाला ठेवू नका.

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप याच भागात पायी, घोड्यावर हिंडून दगड आणि हाडं गोळा करत, आणि कुठे काय मिळालं ते लिहून ठेवत. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून रात्री परतताना नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. छंदापायी एवढं? तुम्ही कुरियर वापरा.

कुरियरनं येणारा माल बहुतेक मोरोक्कोचा असतो. तिथल्या केम केम भागात गरीब माणसं टेकडीच्या पोटात हातानं बोगदे खणून दात काढतात. त्यांच्या हाती काय पडतं ते विचारू नका, कापूस विकणाऱ्यानं तरी नाहीच. सगळ्यात स्वस्त मिळतो स्पायनोसॉरसचा. हा प्राणी दांडगा खरा, पण दात गोल, सुळ्यासारखा, कडेला करवतीच्या दातऱ्या नाहीत, कारण त्याचा मुख्य आहार मासे. पाहुण्यांना मासे सांगू नका. थोडे जास्त पैसे टाकलेत तर कार्कॅरोडोन्टोसॉरस या मांसाहारी डायनासोरचा चपटा, दातऱ्यांचा दात मिळेल. दोन्हींपैकी काहीही आलं, तरी घरी त्याचं नाव टी-रेक्सच ठेवा. टी-रेक्स फक्त उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात राहत होता आणि तिथून आफ्रिकेत यायला त्याला रस्ता नव्हता, ही शंका आपल्याकडे फक्त नववीतली पोरगी काढते. तिला अभ्यासाला बसवा.

विकणाऱ्याकडे दात मुळासकट मागा. मुळासकट म्हणजे भारदस्त. वस्तुस्थिती एवढीच, की या जनावरांचे दात जन्मभर पडत आणि नवे येत. मादागास्करच्या माजुंगासॉरसला, जो गुजरातेत सापडलेल्या आपल्या मांसाहारी राजासॉरसचा भाऊबंदच, प्रत्येक खाचेत साधारण दोन महिन्यांनी नवा दात यायचा. नवा खालून सरकताना जुन्याचं मूळ विरघळायचं आणि नुसता माथा खाली पडायचा. म्हणून सुटा सापडणारा दात सहसा बिनमुळाचा. लांब, देखणं मूळ असलेला दात एकतर मेलेल्या जबड्यातून निघालेला असतो, किंवा दोन-तीन दातांचे तुकडे, वाळू आणि गोंद यांच्या संयोगातून नुकताच जन्मलेला. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर गोंद सुटतो, गरम सुई टेकवली तर प्लॅस्टिकचा वास येतो. म्हणून अ‍ॅसिटोन आणि सुई दोन्ही घरात ठेवू नका.

बजेट मोठं असेल तर मंगोलियाचा माल खुणावेल. तिथला टार्बोसॉरस हा टी-रेक्सचा सख्खा चुलत. मात्र मंगोलियातून जीवाश्म बाहेर नेणं बेकायदा आहे. हॉलिवूडचे निकोलस केज यांनी २००७ मध्ये तिथल्या अशा एका कवटीला २,७६,००० डॉलर मोजले आणि २०१५ मध्ये ती परत द्यायला ते तयार झाले. हिरोचं हे झालं, तुम्ही तर सोसायटीचे थकबाकीदार.

पानठेल्यावर हा विषय निघाला की कोणीतरी अमेरिकेच्या "सू"ची गोष्ट काढणारच. ज्याच्या जमिनीत तो टी-रेक्स निघाला, तो कोर्टात जिंकला आणि १९९७ च्या लिलावात सांगाडा ८३ लाख ६० हजार डॉलरला गेला. मग सगळे गप्प होतात. प्रत्येक जण मनात आपला सात-बारा उघडतो. "काय बे भाऊ, आपल्या वावरात निंघन का?" असं एक जण विचारतो. निघू शकतो, आणि तीच भीती आहे. राजासॉरसची हाडं १९८० च्या दशकात गुजरातच्या रहिओलीला मिळाली, २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं. ज्या लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांत ती होती, तसेच थर आपल्याकडेही काळ्या दगडाच्या खाली डोकावतात. उद्या विहिरीच्या मलब्यात बोटभर लांबीचा, मागे वळलेला, चकचकीत तपकिरी दात दिसला तर काय करायचं ते आताच ठरवा.

आधी जेसीबी पुढे जाऊ द्या, म्हणजे तो नेमका कुठून निघाला हे देवालाही सांगता येणार नाही. फोटो काढायचाच असेल तर तळहातावर घेऊन काढा, जमिनीत असताना नको. मग टॉयलेटच्या अ‍ॅसिडमध्ये रात्रभर बुडवा. दात कॅल्शियम फॉस्फेटचा असतो, मातीबरोबर तोही थोडा जाईल, पण स्वच्छ दिसेल. कडेच्या दातऱ्या बोटाला टोचतात, त्या पॉलिश पेपरनं घासून टाका. एका मिलिमीटरमध्ये किती दातऱ्या बसतात हे मोजून अभ्यासक जनावराचं कूळ ठरवतात. तुम्हाला कुळाशी काय करायचं? टी-रेक्स ठरलेलाच आहे. वरून दोन हात वार्निश मारा. आणि कायद्याला घाबरू नका. असले जीवाश्म आणि त्यांच्या जागा सांभाळायच्या विधेयकाचा मसुदा २०२२ साली निघाला होता. मसुद्याला किती पावसाळे लागतात हे धरणाच्या लाभक्षेत्रात राहून तुम्हाला ठाऊक आहेच.

एवढं करूनही एखाद दिवशी विद्यापीठाचा एक पोरगा फटफटीवर येईल. पाठीला सॅक, गळ्यात भिंग, डोक्यावर ऊन. त्याला आत बोलवा, चहा ठेवा, कपाट उघडा. तो दात हातात घेईल, कडेवरून नख फिरवेल आणि विचारेल, "काकाजी, कोणत्या थरातला?" तुम्ही म्हणा, "खालचा." तो मान डोलवेल, दात नीट जागेवर ठेवेल आणि चहा अर्धा टाकून वावराकडे निघेल. तिथे धुऱ्यावर उकिडवा बसून तो शेणाचे गोटे एकेक उचलेल, वर्तमानपत्रात गुंडाळेल, प्रत्येकावर नंबर टाकेल, वहीत जागा लिहील. पोट्टे हसतील, त्यांना हसू द्या. तुम्ही मात्र मोठेपणानं त्याची पिशवी धरा आणि जाताना सांगा, की उरलेला ढीग पुढच्या आठवड्यात पांदण रस्त्यावर पसरणार आहे, पाहिजे असेल तर ट्रॉलीचं भाडं देऊन घेऊन जा.