‘लघवी अडली तर पाणी प्या, नळी घालू देऊ नका’ हा सल्ला घातक आहे

पोटाच्या ऑपरेशननंतर लघवी अडलेल्यांसाठी एक मेसेज जोरात फिरतोय. सांगणं असं: भरपूर पाणी प्या, आपोआप मोकळी होईल. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालू देऊ नका, मूत्राशयाला कायमची सवय लागते. आणि रिपोर्ट नॉर्मल असतील तर त्रास मनाचा समजा. हे वाचून कुणी रात्रभर कळ सोसत बसू नये, म्हणून लिहितोय.

आधी पाणी. लघवी अडते तेव्हा मूत्रपिंडं बहुधा आपलं काम करतच असतात, त्यात ऑपरेशनच्या वेळी सलाइनही गेलेलं असतं. अडचण असते ती लघवी बाहेर पडण्यात. मूत्राशयात साधारण 400 ते 600 मिली लघवी मावते. त्यापलीकडे ताण पडत राहिला तर त्याचा स्नायू थकतो आणि पुढे नीट आकुंचन पावत नाही. मग वरून तांब्या-तांब्या पाणी कशाला? उलट काही वेळा लघवी मुळात तयारच कमी होत असते, तिथे उपाय वेगळा. दोन्हींतला फरक घरबसल्या कळत नाही. ओटीपोटावर जेल लावून स्कॅनर फिरवला की आत किती साठलंय हे मिनिटभरात दिसतं.

‘थेंब थेंब होतेय, म्हणजे सुरू झाली’ हेही खरं मानू नका. काठोकाठ भरलेलं मूत्राशय असंच गळतं. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर कळसुद्धा येत नाही. म्हणून सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही तर नर्सला किंवा डॉक्टरांना सांगायचंच. तोवर उठून बसणं, चालणं, नळ सोडून ठेवणं, हे जरूर करून पाहा.

नळीबद्दलच्या भीतीत थोडं तथ्य आहे: ती जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणूनच ती लवकर काढतात. कित्येकदा लघवी काढून लगेच बाहेर घेतात. पण काही दिवसांच्या नळीने कायमची सवय लागत नाही. मूत्राशय कायमचं दुबळं होण्याची भीती आहे ती तुंबू देण्यात.

सगळ्यात जास्त चीड येते ती ‘मनाचा त्रास’ या शब्दांची. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, सर्दीच्या काही गोळ्या, बद्धकोष्ठ, वाढलेलं प्रोस्टेट, ओटीपोटातल्या नसांना झालेली इजा, यांतलं बरंच काही नेहमीच्या रक्त-लघवीच्या रिपोर्टात उमटतच नाही. तरुण स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाचा झडपेसारखा स्नायू सैलच होत नाही, असाही एक आजार आहे. लंडनच्या डॉक्टर क्लेअर फाउलर यांनी 1980च्या दशकात त्याचं वर्णन केलं. कित्येक जणींत तो एखाद्या ऑपरेशननंतरच उघड होतो. आत लिटरभर लघवी साठूनही कळ येत नाही. माकडहाडाजवळच्या नसांना सौम्य विद्युत स्पंदनं देणाऱ्या उपकरणाने त्यांतल्या अनेकींना पुन्हा लघवी होऊ लागते.

भूल उतरल्यावरही जांघेत बधिरपणा राहिला, पायातली ताकद गेली किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.