मोहाचं फळ वटवाघूळ बुडवत नाही

मोह फुलला की ठाण्यातल्या ग्रुपांवर तोच मजकूर फिरतो: ‘येऊरच्या मोहाची फुलं वटवाघळं फस्त करतात, मग फळ धरणार कसं? फटाके लावून हुसकवा. हा प्राणी तोंडाने विष्ठा टाकतो, निपाह विषाणू पसरवतो.’

आधी फूल पाहा. मोहाचं जे वेचतात, खातात, ती नुसती पाकळ्यांची रसाळ वाटी. पुंकेसर तिला आतून चिकटलेले असतात, तिच्याबरोबरच सुटतात. फळ धरतं ते बीजांडकोशातून, आणि तो तांबूस लवेच्या निदलांत, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणात, देठाला घट्ट राहतो. शिवाय कुक्षी, म्हणजे पराग टिपणारं टोक, वाटी पिकण्याआधीच कळीबाहेर डोकावते. वटवाघूळ वाटी ओढतं तेव्हा तोंडा-छातीची लव परागांनी माखते आणि पुढच्या फुलांच्या गोंड्यातल्या कुक्षीला ते पराग लागतात. वाटी तशीही पहाटे गळणारच असते. मोठ्या वटवाघळाच्या वजनाने एखादी डहाळी मोडते, एवढं मात्र खरं.

पडताळा घ्यायचाय? येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, म्हणून तिथे आधी वनखात्याची परवानगी. स्वतःच्या आवारात मोह असेल तर उत्तम. हाताशी येणारे गोंडे निवडा. कुक्षी बाहेर पडायच्या आत निम्म्यांभोवती बोटभर भोकांच्या तारेचा पिंजरा बसवा, बाकीच्यांना फक्त खुणेचा दोरा. उशीर केलात तर परागण आधीच उरकलेलं असतं. मलमलची पिशवी नको, ती वारा आणि किडेही अडवते. नायलॉनच्या जाळीत तर वटवाघळाचा पंख अडकून फाटतो. पिंजरा फुलांपासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर तोंड आत पोचतं. सकाळी तो काढायचा, म्हणजे दिवसाचे पक्षी मोकळे राहतात, आणि सूर्यास्ताआधी पुन्हा लावायचा. फुलं संपल्यावर महिन्याने दोन्हीकडची फळं मोजा: उघड्या गोंड्यांवर ती कमी नसली, तर वटवाघूळ फळ बुडवत नाही.

तोंडातून पडतो तो चोथा. फळाचा घास टाळूच्या कंगोऱ्यांवर दाबून वटवाघूळ रस गिळतं आणि धागे थुंकतं. विष्ठेच्या वेळी अंगठ्यांच्या नख्यांनी फांदी धरून चक्क डोकं वर करतं.

निपाहची भीती निराधार नाही. महाबळेश्वरच्या गुहेतून 2020 मध्ये पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्याच्या खुणा सापडल्या होत्या. पण फटाक्यांनी थवा फुटून वस्तीतल्या झाडांवर विखुरतो, म्हणजे संपर्क वाढतोच. उष्टं फळ खाऊ नका, खाली पडलेलं पिल्लू उघड्या हाताने उचलू नका, वनखात्याला कळवा.