भिंतीला विचारलंय का?

गल्लीतली भिंत सगळ्यांनी मिळून रंगवायची ठरलं की पहिली मीटिंग चित्रावर होते. मोर की वारली, 'पाणी वाचवा' की महाराज, यात चहाच्या दोन फेऱ्या संपतात. 2009 साली मुंबईत तुळशी पाइप रोडलगतच्या भिंतीवर शेकडो हौशी लोकांनी चित्रं काढली, मग आपण का नाही, हेही कोणीतरी म्हणतं. भिंत ओली आहे का, एवढं मात्र कोणी विचारत नाही.

वास्तविक परीक्षा सोपी आहे. दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. आतून पाणी धरलं असेल तर भिंत ओली. कंपाउंडच्या भिंतीत हे नेहमीचंच, पलीकडची माती पाणी सोडत असते. अशा भिंतीला ऑइल पेंट फासला की पहिल्याच पावसाळ्यात मोराच्या पोटावर फोड येतात. आतल्या पाण्याला बाहेर यायचं असतं, ऑइल पेंट वाट देत नाही, मग ते रंगालाच उचलतं. म्हणून बाहेरच्या भिंतीचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन घ्यावं. तरी "ऑइल पेंटला चकाकी येते हो" म्हणणारे काका प्रत्येक गल्लीत असतात. त्यांच्या माळ्यावर बहुधा अर्धा डबा उरलेला असतो.

घासकामाला माणसं मिळत नाहीत, कारण त्याचे फोटो चांगले येत नाहीत. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायचं, जुना चुना तारेच्या ब्रशने खरवडायचा, भिंत खडखडीत वाळू द्यायची, मग प्रायमर. चुन्याचा पापुद्रा राहिला तर नवा रंग त्यालाच चिकटतो आणि दोघं जोडीने खाली येतात.

खरेदीत हमखास घोळ. 40 फूट लांब, 6 फूट उंच भिंत म्हणजे 240 चौरस फूट. खरबरीत प्लास्टरला प्रायमर अडीच-तीन लिटर, पार्श्वभूमीच्या दोन हातांना पाचेक लिटर. आपण मात्र उत्साहात बारा रंगांचे एकेक लिटरचे डबे आणतो आणि पांढरा दुपारीच संपतो, कारण फिकट छटा करायला जो तो पांढराच ओततो. जांभळा वर्षभर पडून राहतो.

मीटिंगमध्ये शेवटी वारली जिंकते, त्यात कलेपेक्षा हिशोब जास्त असतो. गेरूचा रंग आणि पांढरा, बस. पण माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, हे कळायला हवं. टोकं नीट जुळली नाहीत की तारप्याच्या, म्हणजे त्यांच्या फुंकवाद्याच्या, सुरावर नाचणारा गडी साखर तपासायला निघालेल्या काकांसारखा दिसतो.

रविवारी सकाळी एकदम पन्नास जण हजर होतात. त्याआधीच लाइनदोरीने फुटाफुटाच्या चौकटी पाडाव्यात, प्रत्येक भागात रंगाचा नंबर खडूने लिहावा आणि तोच नंबर डब्यावरही लिहावा. तसं केलं नाही तर मुलं सगळे रंग एकत्र करतात आणि त्यातून हमखास शेणाचा रंग निघतो. भिंत पश्चिमेकडे तोंड करून असेल तर काम दुपारच्या आत आटपावं; नंतर तापलेल्या भिंतीवर रंग लागताक्षणी सुकतो आणि ब्रशचे फराटे उठतात.

खालचा दीड फूट गडद रंगाचा ठेवावा, रिक्षांनी उडवलेला चिखल तिथेच येतो. तिथे फुलपाखरं काढायचा हट्ट करणाऱ्या ताईंना हे पटत नाही. भिंतीतली पाणी जायची भोकं तर अजिबात बुजवू नयेत, पाणी तुंबून भिंतच ढकलली जाते. त्यापेक्षा भोकाभोवती मासा काढावा. जुलैत तो चूळ भरतो आणि पोरं छत्र्या टाकून बघायला येतात.

शेवटी, दुरुस्तीसाठी प्रत्येक रंग पाव लिटर, झाकणबंद बाटलीत, नाव घालून सेक्रेटरींकडे द्यायचा असतो. दिवाळीनंतर पानाची पहिली पिचकारी पडते, बाटल्यांची चौकशी होते, तेव्हा त्या रिकाम्या निघतात. सेक्रेटरींच्या गॅलरीतल्या कुंड्या मात्र भिंतीवरच्या गेरूशी तंतोतंत जुळतात.